जाड सुई की अख्खी गाठ? लिम्फोमा पालटल्याची शंका आल्यावर

फॉलिक्युलर लिम्फोमासोबत, म्हणजे लसिकाग्रंथींच्या संथ वाढणाऱ्या कर्करोगासोबत, काही वर्षं काढलेल्यांना हे नव्याने सांगायला नको, की आजार संथ आहे म्हणून तो कायम संथच राहील याची हमी कुणी देत नाही. दरवर्षी साधारण २ ते ३ टक्के रुग्णांमध्ये तो पालटतो आणि बहुतेक वेळा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा होतो, म्हणजे वेगाने वाढणारा प्रकार. सीएलएल या रक्ताच्या संथ कर्करोगात अशाच बदलाला रिक्टर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. शंका येण्याची कारणंही ठरलेली आहेत. इतक्या वर्षांत जागची न हललेली एखादी गाठ काही आठवड्यांत फुगते. रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम एकदम चढतं, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम येतो, कधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पेट स्कॅनमध्ये एक जागा बाकीच्यांपेक्षा जास्तच उजळते. मग डॉक्टर म्हणतात, "तुकडा तपासायला लागेल."

हा लेख त्या वाक्यानंतरच्या दिवसांसाठी आहे. तुकडा घ्यायचे दोन रस्ते समोर येतात. एक म्हणजे सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत जाड सुईने गाठीतून दोऱ्यासारखे बारीक तुकडे, म्हणजे 'दोरे', काढायचे. याला सगळे कोअर बायप्सी म्हणतात. दुसरा म्हणजे सर्जनकडून अख्खी गाठच काढून घ्यायची, म्हणजे एक्सिजन बायप्सी. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या, आणि त्याही डाव्या काखेतल्या एकाच गाठीवर. त्यामुळे तुलना करायला मी बरा माणूस आहे असं मला वाटतं. डॉक्टर मात्र मी नाही. तुमचं वय, तुमचं हृदय, तुमची गाठ कुठे आहे हे मला माहीत नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचाच, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाचाच.

बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, मी या तुलनेत धरलेलीच नाही. आपल्याकडे मानेत गाठ दिसली की पहिली तीच होते, कारण आधी क्षयाची शंका येते, आणि ती यायलाही हवी. पण बारीक सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. लिम्फोमा पालटला हे ओळखायचं ते रचनेवरून. फॉलिकल, म्हणजे पेशींचे गोल पुंजके, शाबूत आहेत, की ते मोडून मोठ्या पेशींचे सलग पट्टेच्या पट्टे पसरलेत, हे बघावं लागतं. एफएनएसीत 'मोठ्या पेशी दिसतात' असं आलं तर तो इशारा समजायचा. तेवढ्यावर कुणी केमो बदलायला निघालं असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

कोणत्या पद्धतीने यापेक्षा कोणत्या गाठीतून

सुई की ऑपरेशन हा वाद घालण्याआधी जागा ठरवा. पालट सगळीकडे एकदम होतो असं नाही. पोटातली गाठ पालटलेली आणि मानेतली जुन्याच चालीची, असं एकाच शरीरात चालू शकतं. बोन मॅरोत तर कित्येकदा जुन्याच पेशी सापडतात. म्हणून हाताला लागते, काढायला सोपी आहे म्हणून जांघेतली गाठ काढली आणि रिपोर्ट 'फॉलिक्युलर, ग्रेड १-२', म्हणजे जुनाच संथ आजार, असा आला, तर त्यात हुश्श करण्यासारखं काही नाही. पेटवर जिथे एसयूव्ही, म्हणजे उजळपणाचा आकडा, सर्वांत जास्त, तिथला तुकडा हवा. एसयूव्ही १० च्या वर गेली की शंका बळावते, पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. न पालटलेला फॉलिक्युलरही कधीकधी तेवढा उजळतो, आणि जंतुसंसर्ग झालेली गाठही. मूळ आजार सीएलएल असेल तर हा उंबरठा ५ च्या आसपास धरतात.

आणखी एक. तुकडा निघेपर्यंत स्टेरॉइड नको. तापासाठी, घामासाठी, भूक लागत नाही म्हणून कुणी चार गोळ्या लिहून दिल्या तर गाठ आकसते, आणि मग तुकड्यात धड काही सापडत नाही. श्वास अडतोय, किडनीकडून येणारी नळी दाबली जातेय, अशी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जीव आधी, रिपोर्ट नंतर.

माझी काखेतली गाठ पेटवर सर्वांत उजळ होती आणि हातालाही लागत होती, म्हणजे दोन्ही रस्ते मोकळे होते. तुमची उजळ गाठ पोटात महाधमनीला चिकटून बसली असेल तर या लेखातला अर्धाच भाग तुमच्या कामाचा. तो खाली येईल.

जाड सुई

सुईच्या बाजूने आधी बोलतो, कारण पुढे तिच्याविरुद्ध बरंच बोलायचं आहे.

भूल फक्त जागेपुरती. एका हातात सोनोग्राफीचा प्रोब, दुसऱ्या हातात स्प्रिंगवाली सुई. खटका दाबला की 'टक' असा आवाज होतो आणि दुखत नसलं तरी अंग दचकतं. माझ्या रेडिओलॉजिस्ट मॅडम दर वेळी आधी सांगायच्या, "काका, आता आवाज येईल हं." त्या सांगण्याचा उलटाच परिणाम व्हायचा, पण त्यांचा हेतू चांगला होता. थोडा वेळ झोपवून ठेवलं, वरून दाब दिला, चहा-बिस्कीट झालं आणि आम्ही घरी. जखम म्हणजे एक चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी केमो लावायची ठरली तरी जखमेची आडकाठी नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवावी लागू शकते, प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा वेग, आधी बघतात. त्यापलीकडे तयारी नाही. शिवाय सोनोग्राफीची तारीख ओटीच्या तारखेपेक्षा बहुधा लवकर मिळते, आणि पालटण्याची शंका असताना ही गोष्ट लहान नाही.

सुई म्हणजे दुय्यम काम, असंही समजू नका. फ्रान्समध्ये २०१० ते २०१८ या काळातल्या लिम्फोमाच्या हजारो तुकड्यांची तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांनी फेरतपासणी केली. जाड सुईने घेतलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांत ठाम निदान झालं, ऑपरेशनने काढलेल्यांत सुमारे ९८ टक्क्यांत. म्हणजे शंभरात सहाच जास्त अडले. एमबीबीएसला असलेल्या माझ्या पुतण्याने हे आकडे दाखवून सुईच्याच बाजूने कौल दिला होता, आणि त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. फक्त एवढंच, की ते आकडे सगळ्या लिम्फोमांचे आहेत. तिथे प्रश्न असतो तो लिम्फोमा आहे का, आणि असेल तर कोणता. आपला प्रश्न जरा जास्त खोडसाळ असतो. लिम्फोमा आहे हे तर माहीतच आहे. एकाच गाठीत जुना आणि नवा शेजारीशेजारी नांदतायत का, हे बघायचं असतं. सुई ज्या वाटेने जाते त्या वाटेवरचंच सांगते.

आता मला जे छळलं ते. दुखलं म्हणावं तर नाही, खर्च म्हणावा तर तो एकरकमी आला नाही. छळलं ते रिपोर्टने, हप्त्याहप्त्याने.

पहिल्या रिपोर्टात होतं: फॉलिक्युलर लिम्फोमा, काही ठिकाणी मोठ्या पेशी वाढलेल्या, तुकडे बारीक आणि कडेला चुरडलेले, आयएचसी करावी. आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून बघण्याची तपासणी; तिचे पैसे भरले. सीडी२०, सीडी१०, बीसीएल-६, बीसीएल-२, सगळे पॉझिटिव्ह. हे आम्हाला पहिल्या निदानापासून पाठ होतं. की-६७, म्हणजे किती पेशी विभाजनात गुंतल्यात याचा अंदाज, एका दोऱ्यात २० टक्के आणि दुसऱ्यात ६०. आता यातलं कुठलं धरायचं? मग फॉलिकलची जाळी शाबूत आहे का हे बघायला सीडी२१ लावायचं ठरलं. पुन्हा काउंटर, पुन्हा पावती, पुन्हा 'दोन दिवसांनी फोन करा'. तो रिपोर्ट आला: जाळी काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी तुटक. तोवर ऑन्कॉलॉजिस्टनी मिक आणि बीसीएल-२ या जनुकांची फिश टेस्ट मागितली होती, कारण दोन्ही जागची हललेली निघाली तर आजार आणखी उग्र समजतात आणि केमोही बदलते. त्यावर लॅबमधून फोन आला, "ब्लॉकमध्ये टिश्यूच शिल्लक नाही."

हे असं का होतं ते नंतर कळलं. तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात आणि प्रत्येक टेस्टसाठी त्याचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापतात. पापुद्रा पातळच असतो, पण ब्लॉक मशीनवर पुन्हा चढवला की त्याचं तोंड सरळ करण्यातच दर वेळी थोडा वाया जातो. अख्ख्या गाठीला हे जाणवतही नाही. सुईच्या दोऱ्याला जाणवतं. सगळ्या टेस्ट एका दमात मागितल्या असत्या तर कदाचित तो पुरलाही असता. आमच्याकडे एका टेस्टचं उत्तर आलं की पुढची सुचायची.

आणि मग ती शेवटची ओळ: ट्रान्सफॉर्मेशन नाकारता येत नाही, एक्सिजन बायप्सी करावी, क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड (म्हणजे लक्षणांशी ताडून बघा). पॅथॉलॉजिस्टला मी दोष देत नाही. जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं, न दिसलेलं लिहिलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. पण तोवर गाठ इतकी वाढली होती की हात अंगाला टेकवून झोपता येईना. घरात कुणाचाही फोन वाजला तरी सगळे माझ्याकडे बघायचे.

फरक किरकोळ असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. फॉलिक्युलरच परतला असेल तर बहुधा घाई नसते. काहींना नुसतं लक्ष ठेवूनही चालतं, काहींना रिटुक्सिमॅबसोबत लेनॅलिडोमाइडच्या गोळ्या देतात. पालटला असेल आणि पूर्वी डॉक्सोरुबिसिन मिळालेलं नसेल तर आर-चॉप, म्हणजे डॉक्सोरुबिसिन असलेली केमो. पूर्वी आर-चॉप झालेलं असेल तर ते पुन्हा हवं तसं देता येत नाही, कारण हृदयासाठी त्या औषधाला आयुष्यभराची मर्यादा आहे. मग प्लॅटिनमवाली केमो आणि स्वतःच्याच स्टेम सेलचं प्रत्यारोपण, नाहीतर कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून लिम्फोमावर सोडण्याचा उपचार. मला पूर्वी बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब मिळालं होतं, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत पाटी कोरी होती. त्या पाटीवर लिहायला सुरुवात करायची की नाही, हे त्या संपलेल्या दोऱ्यावर अडलं होतं. 'नाकारता येत नाही' एवढ्या भांडवलावर आर-चॉप लावताना कुठल्याही डॉक्टरचा हात अडतो, आणि न लावतानाही अडतो.

अख्खी गाठ

ऑपरेशनचं कौतुक करण्याआधी त्याची कटकट सांगतो. रात्रीपासून उपाशी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची भेट, तीन ठिकाणी सह्या. मला पूर्ण भूल दिली. काखेत टाके म्हणजे दाढी करताना, शर्ट चढवताना, बसमध्ये वरचा दांडा धरताना त्यांची आठवण होते. नंतर तिथे पाणी साठलं, ते सर्जनने ओपीडीतच सुईने काढलं. काखेत हे होतंच असं गृहीत धरून चाला. जखम भरेपर्यंत केमो थोडी पुढे ढकलावी लागते. म्हाताऱ्या किंवा हृदयाने दुबळ्या माणसाला हे सगळं झेपेल का, हा प्रश्न खराच आहे.

मानेतल्या गाठीबद्दल एक सूचना. मानेच्या मागच्या बाजूने खांद्याकडे जाणारी एक नस असते आणि गाठी तिच्या अगदी शेजारी असतात. तिला धक्का लागला तर खांदा उतरतो, हात डोक्यावर नेता येत नाही. "अहो, छोटंसं काम आहे" म्हणणाऱ्या सर्जनपेक्षा त्या नसेचा विषय आपणहून काढणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. जांघेतली गाठ शक्यतो शेवटचा पर्याय ठेवतात. पायाला सतत काही ना काही लागत असतं, त्यामुळे तिथल्या गाठी एरवीही सुजलेल्या असतात, आणि जखमेतून लस पाझरत राहण्याचा त्रासही तिथे जास्त. अर्थात पेटवर तीच सर्वांत उजळ असेल तर इलाज नाही, तीच काढायची.

आता रिपोर्ट. माझ्या गाठीच्या साधारण अर्ध्या भागात जुना फॉलिक्युलर आणि उरलेल्या अर्ध्यात डिफ्यूज लार्ज बी-सेल. पॅथॉलॉजिस्टनी स्लाइड स्क्रीनवर लावून दाखवली. डावीकडे गोल गोल फॉलिकल ओळीने. थोडं सरकलं की त्यांच्या कडा पुसट होतात. आणखी उजवीकडे कडा नाहीतच, नुसत्या टपोऱ्या केंद्रकांच्या पेशी खच्चून भरलेल्या. त्या भागात की-६७ थेट ८०. पहिल्या बायप्सीच्या सुईची वाट कुठून गेली होती तेही दिसत होतं, तिथे रक्त साकळल्याची खूण होती. ती जवळजवळ सगळी डाव्या भागातून गेली होती, उजव्याला जेमतेम चाटून. की-६७ चे दोन आकडे का आले होते, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. फिशसाठी टिश्यू मागावा लागला नाही, हवा तेवढा होता. बीसीएल-२ हललेलं, जे फॉलिक्युलरमध्ये बहुसंख्यांचं असतंच. मिक जागच्या जागी. रिपोर्टात 'नाकारता येत नाही' हे शब्द नव्हते. त्याच आठवड्यात आर-चॉपची तारीख ठरली.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर सुई बोटभर पलीकडून गेली असती तर हा लेख उलट्या बाजूने लिहिला गेला असता. एका माणसाच्या एका गाठीवरून नियम काढू नये, हे मलाही कळतं. पण लिम्फोमाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही शक्य असेल तर अख्खी गाठ, ती काढणं जमण्यासारखं नसेल तर जाड सुई, असाच क्रम दिलेला आहे. माझा अनुभव त्या क्रमाच्या बाजूने पडला, इतकंच.

डबी कुणाच्या हातात

ऑपरेशनने मिळवलेलं सगळं ओटीच्या दाराबाहेर वाया घालवता येतं, म्हणून हे जरा सविस्तर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काय होतं? सिस्टर दार किलकिलं करून पेशंटचं नाव पुकारतात आणि नातेवाइकाच्या हातात डबी देतात, "हे लॅबमध्ये देऊन या." घाबरलेला नातेवाईक ती डबी घेऊन जिने चढतो-उतरतो. डबीत काय आहे, कशात बुडवलंय, हे तो विचारत नाही. विचारायला हवं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच.

आमच्या सर्जनसाहेबांना ऑन्कॉलॉजिस्टचा आधीच फोन गेला होता. त्यांनी गाठ ओटीतच मधोमध चिरली. आतून ती पापलेटच्या मांसासारखी पांढरी, गुळगुळीत होती, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा अशीच दिसते म्हणे. बायकोच्या हातात तीन डब्या आल्या. मोठी फॉर्मॅलिनची, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन असलेली. दुसरीत साध्या सलाईनमध्ये लहानसा तुकडा, क्षयाच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी, कारण फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही. तिसरीत फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे सुट्या पेशी मशीनमध्ये तपासण्यासाठी, ताजा तुकडा, जो लगेच पोचला तरच उपयोगाचा. प्रत्येकीवर नाव, आयपी नंबर, 'डावी काख' आणि वेळ.

गाठ न चिरता तशीच लहान बाटलीत कोंबली तर फॉर्मॅलिन मध्यापर्यंत झिरपायला फार वेळ घेतं, तोवर आतल्या पेशी खराब होतात आणि पुढे आयएचसी, फिश दोन्ही फसू शकतात. अख्खी गाठ काढूनही रिपोर्ट अर्धवट आला अशी तक्रार ज्यांची आहे, त्यांच्यापैकी काहींचं दुखणं या बाटलीत असावं असा माझा अंदाज. क्षयाची टेस्ट मात्र लिम्फोमा पक्का माहीत असतानाही करून घ्या. आपल्या भागात दोन्ही एकत्र सापडणं अशक्य नाही, आणि केमो सुरू झाल्यावर दबलेला क्षय वर येऊ शकतो.

पैशाचं थोडक्यात. सुई स्वस्त, यात वाद नाही. पण आयएचसीच्या फेऱ्या, जादा मार्कर आणि शेवटी करावं लागलेलं ऑपरेशन धरलं तर ती स्वस्ताई आमच्याकडे टिकली नाही. नुसत्या तपासणीसाठी भरती झालात तर पैसे मिळणार नाहीत, असं कलम आरोग्य विम्याच्या पॉलिसीत असतं. माझ्या कंपनीने त्याच कलमावर बोट ठेवलं होतं. उपचार या तुकड्यावरच अवलंबून आहेत असं डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर एक्सिजनचे पैसे डे-केअर शस्त्रक्रिया म्हणून मंजूर झाले. सुईचे खिशातून गेले.

सुईच घ्यावी लागली तर

उजळ गाठ पोटात खोल किंवा छातीत असेल तर वादच मिटला, सीटीखाली जाड सुई. दुर्बिणीने पोटातली गाठ काढतात, पण त्यासाठी माणूस धडधाकट लागतो आणि सर्जनही त्यातला मुरलेला. रक्त पातळ करणारं औषध थांबवता येत नसेल, किंवा आजार दिवसागणिक पळत असेल आणि ओटीची तारीख पुढच्या आठवड्यातली असेल, तर मीही आज निमूट सुईच घेईन. मात्र काही गोष्टी आधी बोलून घेईन. सुई १८ गेजऐवजी १६ किंवा १४ ची चालेल का, हे विचारेन. दोरे एकाच जागेतून नकोत, गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून हवेत. पेटची सीडी रेडिओलॉजिस्टसमोर उघडी असावी, नुसता कागदी रिपोर्ट नव्हे, म्हणजे गाठीचा कोणता भाग उजळ ते त्यांना दिसेल. शक्य असेल तर प्रत्येक दोऱ्याचा ब्लॉक वेगळा करावा, म्हणजे एक संपला तरी दुसरा राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आयएचसी आणि फिशची पूर्ण यादी ऑन्कॉलॉजिस्टकडून पहिल्याच दिवशी लिहून घेऊन लॅबला द्यायची. हे शेवटचं एवढं झालं असतं तर माझी सुईशी कदाचित मैत्रीच राहिली असती.

तुकडा कुठूनच निघण्यासारखा नसेल तर डॉक्टर लक्षणांवर जातात. एलडीएच एकदम दुपटीच्या वर, एकच गाठ बाकीच्यांना मागे टाकून वाढलेली, यकृत किंवा हाडासारख्या नव्या जागी आजार, नव्याने सुरू झालेला ताप-घाम, वाढलेलं कॅल्शियम. यांवरून पालटलाय असं धरून उपचार करतात, आणि त्यांना तसं करावंच लागतं.

जुना ब्लॉक, म्हणजे पहिल्या निदानाच्या वेळचा, शोधून ठेवा. नव्या तुकड्याशेजारी तो ठेवला की पॅथॉलॉजिस्टला बदल जास्त स्पष्ट दिसतो. परळला टाटा मेमोरियलमध्ये किंवा आणखी कुठे दुसऱ्या मतासाठी जायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लागतात. पुढे कार-टीचा विचार निघाला तरी हा ब्लॉक कामाला येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार१९ ही कार-टी लिम्फोमाच्या पेशींवरच्या सीडी१९ या खुणेवर नेम धरते, आणि आपल्या पेशींवर सीडी१९ आहे ना हे टिश्यूवरच बघतात. ब्लॉक परत घेताना सही करण्याआधी मेणावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या. अख्ख्या गाठीचे आमच्याकडे बरेच ब्लॉक झाले, त्यामुळे काही दुसऱ्या मताला गेले तरी बाकीचे मूळ लॅबमध्ये राहिले. सुईच्या वेळी एकच होता, आणि तो कुरियरने पाठवावा की कुणीतरी स्वतः घेऊन जावं यावर घरात सगळी दुपार वाद चालला होता.